खत किती यापेक्षा ते कुठल्या थरात पडतंय?

संपादकसाहेब, नमस्कार.

खतांचा विषय निघाला की भांडण ठरलेलं, रासायनिक वाईट की सेंद्रिय चांगलं. भाताच्या बाबतीत मला हे भांडणच अर्धवट वाटतं. खाचरात पाणी साठलं की ऑक्सिजन राहतो तो फक्त वरच्या काही मिलिमीटरच्या तपकिरी पापुद्र्यात, त्याखालचा चिखल करडा आणि बिनहवेचा, आणि दोन्हीकडचे जिवाणू वेगळे. खत कोणाच्या तोंडी जातंय हे कोणी विचारतच नाही.

आता युरिया घ्या, ४६ टक्के नत्र, पण साठलेल्या पाण्यात फोकला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि वर शेवाळ माजतं, ते दुपारच्या उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं त्यामुळे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप, ७ म्हणजे मधलं) ९ च्याही वर जाऊ शकतो आणि मग तोच अमोनिया हवेत उडून जातो. उरलेल्यातलं काही पापुद्र्यात नायट्रेट होतं, ते खाली झिरपलं की तिथले जिवाणू त्याचा वायू करून सोडून देतात. पिकाच्या वाट्याला काय आलं? शिवाय निळं-हिरवं शेवाळ, जे हवेतलं नत्र फुकटात धरून देतं (अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीच्या पानात पण हेच राहतं), ते आयतं नत्र मिळालं की काम थांबवतं, माणसासारखंच आहे ते. हाच युरिया ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) करून चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मधे ७ ते १० सेंमी खोल दाबला तर नत्र चिखलात मुळांजवळ राहतं आणि वरच्या शेवाळाचं पण बिघडत नाही.

सेंद्रियवाल्यांनी पण लगेच खुश होऊ नये. ताजा पेंढा लावणीच्या तोंडावर चिखलात गाडला की मिथेन (हवामान तापवणारा वायू) करणारे जिवाणू सुसाट सुटतात, आणि पेंढा कुजवणारे नत्र आधी स्वतःकडे ओढतात म्हणून रोपं पिवळी पडतात. कुजवून घातलं तर हे बरंच टळतं. अमोनियम सल्फेट या रासायनिक खताने मिथेन कमी होतं हे खरं, कारण सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांचं खाणं पळवतात, पण चिखलात लोह कमी असेल तर त्यातूनच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू होतो आणि मुळं काळी पडतात.

खताच्या सल्ल्यात बहुतेक वेळा हेक्टरी किती किलो एवढंच असतं. पाणी किती ठेवून, किती खोल आणि चिखलात आधीच काय कुजतंय ते बघून, हे पण छापा ना, दोन ओळी जास्त लागतील फक्त.

आपला,
एक वाचक