खोक्यावर कारागिराचेही नाव हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेशी विलक्षण साम्य असलेल्या सँडल सादर केल्या. तेव्हापासून या कलेचे श्रेय कोणाचे, यावर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ चर्चा झाली आणि त्या नमुन्यामागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे कंपनीनेही पुढे मान्य केले. ती चर्चा आवश्यकच होती. मात्र श्रेयाचा हाच प्रश्न आपल्या चप्पल लाईनमध्ये आणि महाद्वार रोडवर, म्हणजे शहरातील चपलांच्या बाजारात, रोज उभा असतो, त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गिऱ्हाइकाच्या हाती पडणारी चप्पल बहुधा साध्या पिशवीत किंवा दुकानाचे नाव छापलेल्या चकचकीत खोक्यात असते. चामडे कोणी कापले, वेणी कोणी घातली, कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, कोणी शिवले, याचा त्यावर कुठेही उल्लेख नसतो.

घरोघरी काम करणाऱ्या कारागिरांकडून चपला करून घेऊन त्या बाहेरगावी पाठवण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. खोके छापून देणारे कारखाने मोठ्या संख्येची मागणी असल्याशिवाय काम घेत नाहीत, कारण खोका कापण्याची डाय आणि छपाईची प्लेट यांचा खर्च थोड्या खोक्यांवर भागत नाही. त्यामुळे आठवड्याला मोजकेच जोड तयार करणाऱ्या कुटुंबाला स्वतःच्या नावाचा खोका परवडत नाही आणि त्याचा माल दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. यावर मला सापडलेला मार्ग जुनाच आहे. कोरे खाकी खोके आणावेत आणि हाताने कापलेल्या साच्यातून, म्हणजे स्टेन्सिलने, त्यांवर नाव उमटवावे. आपल्या भागातील साखरेच्या पोत्यांवर कारखान्याचे नाव, हंगाम आणि प्रत याच पद्धतीने उमटवली जात असे, आणि दिवाळीत रांगोळीचे छाप आपण सारेच वापरतो. एकच कोरा खोका दहा कारागिरांच्या दहा साच्यांनी दहा वेगळ्या नावांचा होतो. पाच खोके हवे असले तरी काम अडत नाही.

या कामासाठी लागणारे कसब चर्मकाराच्या हातात आधीपासूनच आहे, हे मला विशेष वाटते. ज्या हाताला रापीने जाड चामडे रेषेबरहुकूम कापण्याची सवय आहे, त्याला प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून किंवा धुऊन स्वच्छ केलेल्या जुन्या एक्स-रे फिल्ममधून अक्षर कापणे जड जात नाही. चपलेवर नक्षी उठवण्यासाठी वापरला जाणारा गोल पंच अनुस्वाराचे आणि नक्षीतील ठिपक्यांचे भोक इतके स्वच्छ पाडतो की तसे ब्लेडने साधत नाही. शिवाय चपलेवर ठशांनी उठवलेली ओळ खोक्याच्या कडेला साच्यातून उमटवली, तर आतील वस्तू आणि बाहेरचे वेष्टन एकाच हातचे असल्याचे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

खरी मेहनत आहे ती देवनागरी अक्षरांच्या साच्यात. रोमन अक्षरांचे तयार साचे बाजारात मिळतात आणि ती अक्षरे सुटी असल्याने अडचण येत नाही. आपल्या लिपीत मात्र शिरोरेषा सलग कापली की शब्दाच्या लांबीएवढी चीर पडते, तिच्याखालच्या पट्ट्या सैल होऊन उचलल्या जातात आणि रंग आत शिरतो. म्हणून शिरोरेषा जागोजागी तोडावी लागते, आणि ही तोड केवळ दोन अक्षरांच्या मध्ये ठेवून भागत नाही, तर ‘प’, ‘म’ यांसारख्या अक्षरांच्या पोटावर यावी लागते. तसे केले नाही तर पोटाचा तुकडा कापताच गळून पडतो आणि कागदावर अक्षराऐवजी रंगाचा गोळा उमटतो. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या गोलाला शिरोरेषेच्या तोडीचा उपयोग नसतो, तिथे दोन-तीन मिलिमीटर रुंदीचे स्वतंत्र पूल, म्हणजे न कापता राखलेल्या बारीक पट्ट्या, ठेवावे लागतात. हे पूल डोळ्यांना खटकू नयेत आणि तरीही साचा टिकावा, यासाठी अक्षर मुळातच तसे रेखाटावे लागते. संगणकावरचा नेहमीचा फॉन्ट छापून घेऊन तो जसाच्या तसा कापून चालत नाही. चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या या नगरीत चित्रकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची उणीव नाही. त्यांनी साच्यासाठीच रेखाटलेली देवनागरी वर्णमाला तयार केली आणि ती कारागिरांना विनामूल्य दिली, तर ते फार मोठे काम होईल.

रंग देण्याचे तंत्र अवघड नाही, मात्र त्यात घाई चालत नाही. ॲक्रिलिक रंग दाट ठेवावा, आखूड व ताठ केसांच्या कुंचल्याचे फक्त टोक रंगाला लावावे, जादा रंग फडक्यावर टिपून घ्यावा आणि मग कुंचला उभा धरून कडेकडून आत ठोकत जावे. कुंचला ओढला की रंग साच्याखाली सरकलाच. खोका घडी घालण्यापूर्वी सपाट असतानाच उमटवावा, अन्यथा नालीदार पुठ्ठा दाबला जाऊन त्याच्या आतल्या रेघा अक्षरांवर दिसू लागतात. खाकी कागदावर काळा, गडद तांबडा किंवा गडद निळा रंग ठसठशीत दिसतो, पिवळा मात्र खाली पांढऱ्याचा हात दिल्याशिवाय उठत नाही. साचा रंग ओला असतानाच पाण्याने धुवावा. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत रंग वाळायला फार वेळ लागतो, म्हणून पावसाळ्याचे खोके मे महिन्यातच उमटवून ठेवणे मला सोयीचे वाटते.

हवेचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगते. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले, तेल दिलेले चामडे पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये बंद केले की कोंडलेल्या ओलाव्याने त्याला बुरशी येते. कागदी खोक्यातून ओलावा काही प्रमाणात बाहेर पडू शकतो. तेलाचा डाग खोक्यावर येऊ नये म्हणून आत बटर पेपरचे एक वेष्टन पुरते. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहेच, तथापि ती नसती तरी चपलेच्या हिताचे वेष्टन कागदाचेच ठरले असते.

या पद्धतीच्या मर्यादाही मला ठाऊक आहेत. हजारोंच्या मागणीला स्क्रीन प्रिंटिंगच योग्य. किंमत, माप, तयार केल्याचा महिना व वर्ष, ग्राहकाने संपर्क कोठे साधावा, हा कायद्याने आवश्यक असलेला बारीक मजकूर साच्यातून सुवाच्य उमटत नाही, त्यासाठी छापील चिठ्ठी किंवा रबरी शिक्काच हवा. गुळासारख्या खाद्यपदार्थाला हा रंग लागता कामा नये. आणि साचा कोणालाही कापता येत असल्याने केवळ त्याने नक्कल थांबणार नाही. कोल्हापुरी चपलेला असलेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी आहे, आणि १९९९ च्या कायद्यानुसार कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’, म्हणजे हे मानांकन वापरण्याचा हक्क असलेला, म्हणून आपली नोंदणी करता येते. ती नोंदणी झालेल्या कारागिराचे नाव, गाव आणि नोंदणी क्रमांक खोक्यावर ठळकपणे आला, तर गिऱ्हाइकाला खात्री करून घेण्याची सोय होईल. या तीन ओळींना स्टेन्सिल पुरेसे आहे.

माझी विनंती संबंधित शासकीय यंत्रणांना आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकारांचा समावेश असून तीत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्या प्रशिक्षणात किमान एक दिवस वेष्टनासाठी राखून ठेवावा, देवनागरी साचा कापणे, खोक्यावर उमटवणे आणि अधिकृत वापरकर्ता नोंदणीचा अर्ज भरणे ही कामे त्या दिवशी प्रत्यक्ष करून घ्यावीत, आणि वेणी घालणाऱ्या महिलांनाही त्यात बसवावे, कारण खोक्यावर ज्यांची नावे यायला हवीत त्यांत त्याही आहेत. जिल्ह्यातील कला महाविद्यालयांनी साच्याची वर्णमाला रेखाटण्याचे काम अंगावर घेतले, तर माझ्याकडे तयार असलेले साचे मी त्यांना पाहण्यासाठी आनंदाने देईन.

आपली विश्वासू,
एक लघुउद्योजिका,
राजारामपुरी, कोल्हापूर