तिकीट काढू नकोस

सातारा, रविवार

चि. निखिल,
अ. आ.

स्प्रिंगफील्डचा फोटो मिळाला. लिंकनच्या घरासमोर तू उभा, डोक्याला काही नाही, मफलर नाही. आई घराकडे कमी आणि तुझ्या लाल कानांकडेच जास्त बघत होती.

आधी सांगून टाकतो, अँजिओप्लास्टी झाली. मी ठणठणीत आहे. तिकीट काढू नकोस.

फोटो कोर्टात वकिलांच्या बाररूममध्ये सगळ्यांना दाखवला. लिंकन म्हणजे शाळेत जेमतेम वर्षभर गेलेला माणूस, पुस्तकं मागून आणून वाचली आणि १८३६ साली वकिलीची सनद मिळवली. पुढे न्यायाधीश गावोगाव फिरत, त्यांच्याबरोबर हाही घोड्यावरून. तुझ्या अर्बानातही त्याने खटले चालवलेत. कागद उंच टोपीत खुपसायचा. (माझ्या पिशवीला तू हसायचास.) नवख्या वकिलांसाठी त्याने लिहून ठेवलंय, पक्षकारांना तडजोडीकडे वळवा, दावा जिंकणाराही फी, खर्च आणि वेळ धरला तर अनेकदा हरलेलाच असतो. हे तू वहीत उतरवून घे, तिथे परीक्षेत विचारणार नाहीत, पण... झालं माझं सुरू. राहू दे.

भिंतीवरचं 'हेडमास्तरांस पत्र' लिंकनचं नव्हेच, असं तू दहावीत म्हणाला होतास आणि मी ओरडलो होतो. तुझंच बरोबर होतं.

त्याचं खरं पत्र मला आता झोपू देत नाही. जानेवारी १८५१. वडील अंथरुणाला खिळलेले. सावत्रभावाच्या दोन पत्रांना उत्तर नाही, मग कळवलं ते हे, की आता भेटलो तर आनंदापेक्षा क्लेशच व्हायचे. बायको आजारी होती, तेही खरं. पाच दिवसांनी वडील, थॉमस, गेले. अंत्यविधीलाही हा गेला नाही. थॉमसना जेमतेम सही यायची. पोराला मजुरीला धाडायचे आणि पैसे स्वतः ठेवायचे.

ताईच्या लग्नात तुझे पैसे मी घेतले, ते विसरलेलो नाही. निघताना ओट्यावर जे बोललो, तेही नाही.

दोन वर्षांनी लिंकनला मुलगा झाला, त्याचं नाव थॉमस ठेवलं. हे वाचून मी चष्मा पुसला, आईला वाटलं गोळीचा परिणाम.

परीक्षा आहे, येऊ नकोस. आलासच तर पुण्याहून रात्रीची गाडी धरू नकोस, खंबाटकीत धुकं असतं.

तुझे,
बाबा