इतिहासाचा तास तळमजल्यावर का नाही?

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. लहानपणी पोलिओ झाला. पायात कॅलिपर, काखेत कुबडी. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून दिव्यांग कर्मचाऱ्यांबद्दल छापून येतं ते बहुतेक पडताळणीचंच. पडताळणी जरूर व्हावी, खोट्यांनी आमच्याच जागा खाल्ल्या. पण जे खरे आहेत ते रोज नोकरी कशी करतात, तेही एकदा येऊ द्या.

माझे बरेच तास वरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कठडा धरून वर पोचेपर्यंत घंटा होऊन गेलेली असते आणि पुढचा तास पुन्हा खाली. टाइमटेबल लावणाऱ्यांना दर जूनमध्ये सांगतो, इतिहास खालच्या खोलीत टाका; त्याला ना प्रयोगशाळा लागते, ना नळ. उत्तर ठरलेलं : "सर, तुमी कायले तरास घेता? तास आमी घेऊन घेतो ना!" माणसं मनानं वाईट नाहीत. पण याच मायेपोटी राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) शिबिर, सहल, परीक्षेचं काम परस्पर दुसऱ्याकडे जातं. पुढे कॅसचा, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीचा, फॉर्म भरायला बसलं की ते रकाने कोरे. तिथे माया चालत नाही, पुरावा जोडावा लागतो.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून रॅम्प झाला. उतार एकास बारा हवा, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबी. आमचा सहा-सात फुटांत उरकला, वरून गुळगुळीत फरशी. पावसाळ्यात त्यावर कुबडी टेकवायची माझी हिंमत नाही, मी पायऱ्यांनीच जातो. अहवालात फोटो मात्र झकास आला. आता तिथे मोटारसायकली लागतात.

दुसऱ्या कॉलेजातले एक अंध स्नेही राज्यशास्त्र शिकवतात. त्यांच्याकडे परिपत्रक येतं ते व्हॉट्सॲपवर, शिक्का मारलेल्या कागदाचा तिरपा फोटो. एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि टाइप केलेली मराठी वाचून दाखवतं. मूळ वर्डची फाइल पाठवली की काम भागतं. बाबूंचं म्हणणं, फोटोत साहेबांची सही दिसते.

२०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम २० नुसार अशा वाजवी सोयी देणं आस्थापनेवर बंधनकारक आहे. कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हायची. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही यात येतात. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं. आमच्या ऑफिसात हा अधिकारी कोण म्हणून विचारलं, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

लिफ्टला पैसा लागतो, मान्य. संस्थेची ओढाताण मीही पाहतो. खोली बदलायला, फाइल पाठवायला कशाची मंजुरी हवी? विद्यापीठांनी संलग्न महाविद्यालयांकडून या अधिकाऱ्याचं नाव व मोबाइल नंबर मागवून सत्र सुरू होण्याआधी संकेतस्थळावर टाकावा. कोणी नेमलाच नसेल, तर तेही त्यातून कळेल.

— एक सहायक प्राध्यापक, जि. यवतमाळ
(कृपया नाव छापू नये.)