बोर्डाचे बटण बंद करू नका

श्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी पडू लागली आहे, पण आईने दिलेली शाल अजून कपाटातच आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. इथला माझा दिनक्रम तुम्हाला पाठ आहे, म्हणून तो पुन्हा लिहीत नाही. बाबा, परवा तुम्ही म्हणालात की मी फोनवर सांगते ते कळते, पण फोन ठेवला की विसरायला होते, लिहून पाठव. म्हणून हे पत्र. ते छापून दुकानातल्या टेबलासमोर भिंतीला चिकटवावे. शेवटचा भाग मात्र कापून घ्यावा, कारण तो गिऱ्हाइकांनी वाचण्यासारखा नाही.

कॉम्प्युटर बिघडलेला नाही, हे आधी सांगते. बंद करताना पडदा काळा होतो, पण खोक्यावरचा निळा दिवा जळत राहतो आणि पंखा घरघरत राहतो, एवढ्यावरून तो निकामी झाला असे आईने समजू नये, आणि 'चांगले चालले होते, कशाला हात लावलास' असेही म्हणू नये. विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. आपल्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस खिशातून पेन ड्राइव्ह काढतो. एकाला तालमीचा फलक करायचा असतो, दुसऱ्याला पत्रिका, तिसऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि त्यातल्या कोणत्या पेन ड्राइव्हमधून काय शिरेल याचा नेम नाही. म्हणून मी विंडोज ११ चढवले आणि त्याबद्दल मला खेद नाही. खेद आहे तो माझ्या घाईचा. इथे बसून तुमच्या पडद्यावर शिरले, फाइली उघडतात ना, मराठी अक्षरे नीट दिसतात ना, छपाई होते ना, एवढे पाहिले, एकदा रीस्टार्ट करून पाहिले आणि 'झाले बाबा' म्हणून फोन ठेवला. बंद करून पाहिलेच नाही.

खूण मात्र त्यातच होती. रीस्टार्ट व्यवस्थित होते आणि शट डाउन होत नाही, असे दिसले की पहिला संशय फास्ट स्टार्टअप या सोयीवर घ्यायचा. ही सोय २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. ती चालू असताना शट डाउन केले, तर तुमचे उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता जसाच्या तसा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवला जातो, आणि सकाळी तो तिथूनच उचलला जातो, म्हणून कॉम्प्युटर लवकर सुरू होतो. तुम्ही रात्री कागदाचे गठ्ठे तसेच ठेवून नुसते शटर ओढता, म्हणजे सकाळी काम पुढे चालू करता येते, तसेच हे आहे. रीस्टार्ट करताना मात्र सगळे आवरून नव्याने मांडले जाते. नवीन विंडोज आणि मदरबोर्डाचा (खोक्यातल्या मुख्य पट्टीचा) जुना ड्रायव्हर, म्हणजे ती पट्टी चालवणारा प्रोग्रॅम, यांचे या अर्धवट झोपेवरून जमले नाही, की विंडोज आपल्या परीने निजते आणि वीज तोडण्याचा निरोप मदरबोर्डापर्यंत पोहोचतच नाही. गेल्या रविवारी छोटीला मी शिफ्टचे बटण दाबून धरून शट डाउनवर क्लिक करायला सांगितले, कारण तसे केले की त्या वेळेपुरती ही सोय वगळली जाते. पंखा थांबला तेव्हा ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारचे झेरॉक्सवाले काका डोकावून गेले म्हणे.

आता कायमचा उपाय. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडून डाव्या बाजूच्या 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' या ओळीवर क्लिक करावे. तिथे खालचे चौकोन फिके दिसतील, म्हणून आधी वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबावी, मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढावी आणि खाली सेव्ह करावे. सकाळी सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढ्यात उदबत्ती लावून होईल. त्यानंतरही एखाद्या रात्री दिवा जळत राहिला तर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचे बटण बंद करू नका. आधी डिस्कचा दिवा लुकलुकत नाही ना ते पाहावे, आणि मग खोक्यावरचेच बटण चारपाच सेकंद दाबून धरावे. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तोडली तर फाइल अर्धी राहते. तालमीच्या फलकाची फाइल उघडली नाही ती बहुधा त्यामुळेच. मदरबोर्डाच्या चिपसेटचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर मी उतरवून ठेवला आहे, तो पुढच्या रविवारी चढवते.

रविवारीच का, असे आई विचारते, म्हणून सांगते. इथे रविवार हा नुसता सुट्टीचा वार नाही, तो कायद्याने शांततेचा वार आहे. १९१९ च्या त्यांच्या राज्यघटनेतले रविवारच्या विश्रांतीचे कलम १३९ हे १९४९ च्या घटनेने कलम १४० मधून जसेच्या तसे चालू ठेवले. त्यामुळे किराणा मालाची दुकाने बंद, कपड्यांची बंद, उघडे काय तर पेट्रोल पंप, स्टेशनातली दुकाने आणि काही तासांपुरत्या बेकऱ्या. घरात भिंतीला भोक पाडायचे नाही. आमच्या चौकात काचेच्या बाटल्या टाकण्याच्या पेट्या आहेत, पांढऱ्या काचेची वेगळी, तपकिरी वेगळी, हिरवी वेगळी, आणि प्रत्येकीवर वेळ लिहिलेली आहे. एका रविवारी मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या त्यात टाकल्या, तर खालच्या मजल्यावरच्या आजी पायऱ्या चढून वर आल्या आणि रागावल्या नाहीत, घड्याळाकडे नव्हे, कॅलेंडरकडे फक्त बोट दाखवून गेल्या. आपल्या कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार त्यांना दाखवला तर काय होईल, हे मी अनेकदा मनात आणते. असो. सारा देश बंद असतो तेव्हा माझ्यापाशी तुमच्या कॉम्प्युटरसाठी वेळ असतो.

बाबा, एक विचारायचे होते. कॉम्प्युटरच्या नोंदवहीत मी पाहिले: तुम्ही रोज रात्री नऊच्या सुमारास बंद करण्याची आज्ञा दिली आहे, क्रमांक १०७४ ची नोंद तशी आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्रमांक ४१ ची, म्हणजे तो नीट बंद न होताच वीज गेली. मधल्या वेळेबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. छोटी म्हणाली, तुम्ही अकराला घरी येता, तोवर स्टुलावर बसून दिवा जाण्याची वाट पाहता. तीन आठवडे. तुम्ही मला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

आता कापून घ्यायचा भाग. छोटीच्या लग्नाच्या कार्यालयाच्या ॲडव्हान्ससाठी दीड लाख रुपये बुधवारी पाठवले आहेत. त्याचा हिशेब मांडून ठेवू नये. साखरपुड्याला मला येता येणार नाही, फेब्रुवारीत लग्नाला नक्की येते, तिकीट काढले आहे. मोठी राहिली आणि धाकटीचे आधी, असे आत्या म्हणत असतील तर म्हणू द्यावे, मला वाईट वाटत नाही. त्यांनी सुचवलेल्या पुण्याच्या स्थळाला मी नाही म्हटलेले नाही, फोटो पाहिला आहे, एवढेच सध्या त्यांना सांगावे. पत्रिका बाबांनी आपल्याच कॉम्प्युटरवर करावी, पहिली अंबाबाईला आणि दुसरी जोतिबाला ठेवावी, आणि माझ्या नावापुढे कंसात 'जर्मनी' असे छापू नये.

पत्रिकेचे काम संपेल त्या रात्री पंखा थांबल्याचे ऐकूनच शटर ओढावे. थांबला नाही तर फोन करावा. तुमच्याकडे नऊ वाजतात तेव्हा इथे दुपारचे साडेचार वाजलेले असतात, ऑफिसात असले तरी उचलते.

तुमची,
मोठी