हेडफोनच्या रिव्ह्यूत वजन आणि पॅडचंही लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या टेक पानावर हेडफोनचे रिव्ह्यू येतात ते मी आवर्जून वाचतो, पण त्यात बॅटरी किती तास चालते, नॉइज कॅन्सलेशन कसंय, कलर कोणते हेच जास्त असतं. आवाजाबद्दल "बास दमदार" एवढंच, आणि डोक्यावर कसा बसतो याबद्दल बहुतेक वेळा काहीच नाही. ज्याला रात्री जेवण झाल्यावर दोन-अडीच तास निवांत गाणं ऐकायचंय त्याला आधी हेच कळायला हवं, आणि आवाज नि आराम हे वेगवेगळे मुद्दे नाहीतच मुळी.

माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० आहे आणि बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो. दोन्ही ओपन-बॅक, म्हणजे कपाच्या मागे जाळी. ६०० हे १९९७ चं मॉडेल, अजून विकलं जातंय, वजन २६० ग्रॅमच्या आसपास, ९९० पण तेवढाच. कागदावर सारखे, पण घातले की जमीन-अस्मानाचा फरक! ६०० नवा असताना डोकं चांगलंच आवळतो, चष्म्याच्या काड्या कानामागे रुततात, आणि ९९० चे गोल मखमली पॅड पहिल्या मिनिटापासून उशीसारखे. आवाजाचं मात्र उलटं. ६०० वर ख्याल लावला की तानपुऱ्याची जवारी, गायकाने घेतलेला श्वास, सगळं जागच्या जागी, गळा खरा वाटतो. ९९० चा ट्रेबल (वरचा, तीक्ष्ण आवाज) चढा आहे, तबल्याची चाट काय खणखणीत येते त्यात, पण टाळ-झांजा आणि 'स', 'श' टोचायला लागतात आणि तासाभरात कान थकतात. मग आरामशीर कुठला म्हणायचा? मी ६०० म्हणेन, कारण डोक्यावरची पट्टी वापरून वापरून सैल होते. ईक्यू, म्हणजे इक्वलायझर लावून ट्रेबल खाली आणता येतो हे मान्य, पण ते प्रत्येकाला जमतंच असं नाही.

दुसरं म्हणजे पॅड. आतला फोम दबला की ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, कानाजवळ सरकतो आणि आवाज बदलतो. क्लोज्ड, म्हणजे मागून बंद कपाच्या हेडफोनमध्ये तर चष्म्याच्या काडीने जराशी फट राहिली तरी बास गळतो, म्हणजे रिव्ह्यू लिहिणाऱ्याला चष्मा नसेल तर त्याने ऐकलेला बास वेगळा आणि मला ऐकू येणार तो वेगळा, मग त्या "दमदार" वर मी विश्वास कसा ठेवू?

प्लॅनर नावाच्या प्रकारातही आवाज एकीकडे नि आराम दुसरीकडे, आत पातळ पडदा आणि त्याला लागून चुंबकं, बास खोल नि स्वच्छ येतो, पण ऑडीझीच्या एलसीडी-२ सारखा हेडफोन अर्धा किलोच्या वर जातो. वजनाचा हा आकडा किमतीच्या शेजारीच छापायला हवा.

आणि आमच्या नागपुरात अजून एक. मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालू, ओपन-बॅक घातला की त्याची घरघर सरळ आत येते, क्लोज्ड घातला तर रेक्झिनच्या पॅडखाली कान घामाने चिंब. एसीतल्या ऑफिसात दहा मिनिटं घालून बघणाऱ्याला हे कळणार नाही, त्यामुळे निदान एक अख्खी मैफल सलग ऐकून मग लिहायला सांगा.

६०० चा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम, माझ्याकडच्या ९९० चा २५०. साध्या फोनवर आवाज बारीकच येतो, अँप (अँप्लिफायर) घ्यावा लागतो, तो खर्चही सांगत जा. आणि पॅड, केबल सुटे मिळतात का ते नक्की लिहा, ६०० चे मिळतात म्हणून तो वर्षानुवर्षं चालतो, नाहीतर नुसता पॅड फाटला म्हणून चांगला वाजणारा हेडफोन भंगारात टाकणारे लोक मी बघतोय.

आपला,
एक वाचक, नागपूर