'इन टाइम', 'ऑन टाइम' पाठ करून येत नाही हो

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी प्रीपोझिशनची यादी आली होती ती वाचली, इन टाइम-ऑन टाइम, इन द एंड-अ‍ॅट द एंड, इन फ्रंट ऑफ-ऑपोझिट, प्रत्येकापुढे एक वाक्य आणि खाली 'पाठ करा'. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे तरी आपलं अजून पाठांतरच चाललंय!

इन टाइम-ऑन टाइमचा फरक तर मराठीत आयता आहे. गाडी वेळेवर आली, म्हणजे टाइमटेबलात आहे त्या वेळेला, ते ऑन टाइम. आग लागली आणि बंब वेळेत आला, इथे ठरलेली वेळ अशी नव्हतीच, फार उशीर व्हायच्या आत आला एवढंच, ते इन टाइम. आता बोलताना आपण वेळेवर-वेळेतची सरमिसळ करतो हे खरंय, पण दोन वाक्यं शेजारी ठेवली की पोरांना लगेच कळतं. शेवटीचंही तसंच, महिन्याच्या शेवटी, सिनेमाच्या शेवटी असं मागे 'च्या' असेल तर अ‍ॅट द एंड ऑफ, आणि नाही नाही म्हणत शेवटी एकदाचा तयार झाला, यातलं शेवटी म्हणजे इन द एंड.

इन फ्रंट ऑफ-ऑपोझिटमध्ये मात्र मराठी दगा देते, आणि ते यादीत कुठे सांगितलेलंच नाही. आपण म्हणतो बँक पोस्टासमोर आहे, म्हणजे रस्त्यापलीकडे, मग पोरं बिनधास्त इन फ्रंट ऑफ लिहितात आणि इंग्रज माणसाला वाटतं बँक पोस्टाच्या पुढ्यातच उभी आहे, मध्ये रस्ताबिस्ता काही नाही. तिथे ऑपोझिट पाहिजे. रांगेत आपल्या पुढे जो उभा असतो तो इन फ्रंट ऑफ.

आणि अजून एक, आन्सर कीमध्ये एकच उत्तर बरोबर धरायची सवय. माझ्या भाचीचा क्लासच्या टेस्टमध्ये 'इन हॉस्पिटल'ला मार्क कापला, का तर 'द' नाही म्हणून. अहो ब्रिटनमध्ये पेशंट अ‍ॅडमिट असेल तर 'द' लावतच नाहीत, भेटायला गेलेल्या माणसासाठी लावतात, 'इन द हॉस्पिटल' पेशंट आणि भेटायला गेलेला माणूस दोघांसाठी चालतं ते अमेरिकेत. 'अ‍ॅट द वीकेंड' ब्रिटिश, 'ऑन द वीकेंड' अमेरिकन. 'डिफरंट'पुढे 'फ्रॉम' सगळीकडे चालतं, 'टू' ब्रिटनमध्ये सर्रास ऐकू येतं, 'दॅन' अमेरिकेत. आपण कलरच्या स्पेलिंगमध्ये यू घालायला लावतो, म्हणजे ब्रिटिश शिकवतो, आणि मार्क कापताना अमेरिकन होतो, हे काय गौडबंगाल आहे?

पुढची यादी छापाल तेव्हा प्रत्येक जोडीपुढे मराठी वाक्य द्या आणि जिथे दोन्ही चालतात तिथे दोन्ही चालतात असं स्पष्ट छापा, म्हणजे ते कात्रण दाखवून पोरांना क्लासमध्ये मार्क तरी मागता येतील.

आपली,
एक वाचक, सातारा