मोहरी नाकात चढली पाहिजे

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

ऊन तापायला लागल्यापासून दुपारचं जेवण जात नाही म्हणतोस. पोळी एखादी कमी खा, पण ताटाची डावी बाजू रिकामी ठेवू नकोस. बाजारात द्राक्षं अजून आहेत, काकडी आणि कैरीही आली आहे. त्यांची मोहरी फेसून कोशिंबीर कर. गॅससुद्धा पेटवावा लागत नाही.

मूठभर बिनबियांची द्राक्षं घे. त्यांच्यावर फवारे मारलेले असतात, म्हणून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धू आणि मग उभी चिर. काकडीच्या दोन्ही टोकांचा तुकडा आधी चाखून बघ. कडूपणा बहुधा देठाकडे असतो, तेवढा काढला की काम भागतं. पण अख्खीच कडू निघाली तर टाकून दे. ती खाऊन पोट बिघडतं. काकडी किसायची नाही, चोचवायची, म्हणजे सुरीने टोचे मारत बारीक चिरायची. किसली की सगळी पाणी होते, चोचवली की दाताखाली येते. कैरी मात्र किसूनच. तुझ्याकडे बेंगळुरूला तोतापुरी मिळते, ती कमी आंबट, त्यामुळे हात आखडू नकोस. डाळिंबाचे दाणे असले तर छान, नसले तरी अडत नाही.

आता मोहरी. सगळी चव हिच्यात आहे. एक लहान चमचा मोहरी खलात कोरडी कुटायची, मग थेंब थेंब गार पाणी घालत घोटत राहायचं. अख्ख्या मोहरीला वास म्हणून नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की झणका तयार होतो. हळूहळू ती पिवळट, फेसाळ होते. खलावर वाकून बघ, नाकात चढून डोळ्यांत पाणी आलं की झाली. गरम पाणी अजिबात नको, उष्णतेने तिचा जोर जातो. फोडणीतली मोहरी झणझणत नाही ती त्यामुळेच. खल नसेल तर मिक्सरच्या लहान भांड्यात कोरडी वाट आणि वाटीत गार पाण्याबरोबर चमच्याने फेट.

वाटीभर घट्ट दही, चमचाभर साखर आणि ही मोहरी एकत्र कालव. मीठ आत्ता नाही. मीठ काकडीतलं पाणी ओढून काढतं आणि जेवायला बसेपर्यंत कोशिंबिरीचं ताक होतं. चिरलेलं एका भांड्यात, दही दुसऱ्या, दोन्ही फ्रिजमध्ये. पानं घेतल्यावर एकत्र करून मीठ घाल. डब्यात न्यायची तर दह्याची डबी वेगळी. दही संपलं असेल त्या दिवशी मोहरीही नको, दाण्याचं कूट, लिंबू, बारीक हिरवी मिरची एवढं कर. कूट सुटलेलं पाणी पिऊन घेतं.

आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची वाटली डाळ, पन्हं, कलिंगड असतं. उन्हातून आलेल्या माणसाला तळलेलं द्यायचं नाही, हे आपल्या घरातल्या बायकांनी किती आधी ठरवून ठेवलंय! मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

तू एकटा राहतोस, तेव्हा वरच्या मापाची दोन वेळची होईल. निम्मं चिरलेलं मीठ न लावता ठेव आणि रात्री संपव. दुसऱ्या दिवसावर नेऊ नकोस. रविवारी कर आणि मोहरी चढली की नाही ते फोनवर सांग.

तुझे,
बाबा